शेजारी बसणाऱ्याला विचारा

टायरवाले चाचा टायर आधी डोळ्यांनी बघतच नसत. उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि तळहात टायरवरून फिरवायचे; एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मध्ये कुणी बोललं की डोळे न उघडताच म्हणायचे, "हात फिरवू दे आधी."

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाणं-येणं असेल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. रस्त्याला लागून दुकान, दारात टायरांची चळत आणि तिच्यापुढे पांढरी टोपी घालून बसलेले चाचा. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा डुलकी काढतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

आमची ओळख झाली ती भांडणातून. भांडण माझं आणि ह्यांचं. फाउंड्रीत उभा जन्म काढून निवृत्त झाल्यावर ह्यांना स्पोर्ट्स कारचं खूळ लागलं. पुण्यातल्या कुणाचीतरी जुनी, लाल, दोनच सीटांची गाडी. इतकी ठेंगणी की आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. "ह्या वयात शोभतं का?" असं मी दिवसातून दोनदा म्हणत होते. पण खरं सांगते, मला ती आवडली होती. मुलं लांब गेल्यावर घरात आम्ही दोघं भाजी काय करायची एवढंच बोलत होतो. त्या दोन सीटांत परत गप्पा मारायला लागलो.

मग एकदा माझ्या माहेरी, आजऱ्याला जाताना पावसात एका वळणावर गाडी घसरली. गर्रकन फिरली आणि कोल्हापूरकडे तोंड करून उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे म्हणतात, "बघ, कशी सांभाळली!" मी खाली उतरले, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि सांगून टाकलं, ह्या गाडीत परत पाय ठेवणार नाही.

नंतर दोनदा माहेरी गेले ती एसटीनंच. मागच्या काचेतून बघावं तर लाल गाडी आपली एसटीच्या मागोमाग, शेजारची सीट रिकामी. मला हसू यायचं आणि जीवही तुटायचा. पण भीती काही जात नव्हती.

शेवटी टायर बदलायचे म्हणून हे चाचांकडे गेले. चाचांनी हात फिरवला, मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघितलं. नख रुतेना.

"नक्षी भरपूर आहे की अजून," हे म्हणाले.

"नक्षी हाय. पर रबराचं खापर झालंय." चाचांनी टायरच्या कडेचे चार आकडे दाखवले. "ही जन्मतारीख. पयले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे सालाचे. नऊ वरसं झाली. पळाली न्हाय, नुसती शेडात हुबी होती. घसरली तवा शेजारी कोण होतं?"

"बायको."

"मग त्यास्नी आणा."

ह्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी उखडलेच. टायर घ्यायला बायको कशाला लागते? तरी गेले. म्हटलं, बघू तरी कोण हा शहाणा.

चाचांनी मला स्टूल दिलं. "वैनी, घसरताना पुढचं सुटलं का मागचं?"

"मागचं. बुडाखालून कुणी पाट ओढावा तसं झालं."

"ब्रेक मारायच्या आधी का मागनं?"

"आधीच."

चाचा ह्यांच्याकडे वळले. "सायेब, तुमी तर ब्रेक मारल्यावर घसरली म्हणालासा!" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चालवणाऱ्याचं ध्यान रस्त्यावर असतंय. गाडी काय करती ते शेजारी बसणाऱ्याला इचारावं."

अहो, पस्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, पण त्या गाडीबद्दल मला कुणी काही विचारलं ते पहिल्यांदाच. तिथंच चाचा मला पटले.

ह्यांनी इंटरनेटवरून शर्यतीच्या टायरांचे फोटो काढून आणले होते. चाचांनी बघितले आणि बाजूला ठेवले. "गाडी नांदणार कुठं? मैदानात का आजऱ्याच्या पावसात? ह्यांची नक्षी उथळ. पाणी कापायची न्हाईत."

टायर निवडणं म्हणजे त्यांच्या लेखी सोयरीक जमवणं होतं. टायराला ते 'स्थळ' म्हणत. महिन्याभरानं एक संच आला. चाचांनी हात फिरवला, आकडे वाचले आणि चारही परत पाठवले. दोन यंदाचे, बाकीचे तीन वर्षांपूर्वीचे. "जोडीत एवढं अंतर न्हाय चालत." हे चडफडले. मी मात्र त्या दिवशी नीट जेवले.

पुढे एका सकाळी मी कणीक मळत होते, शेजारच्या ताई चहाला बसल्या होत्या. फोन वाजला. हात भरलेले, म्हणून स्पीकरवर घेतला. चाचांचा आवाज घरभर घुमला, "वैनी, स्थळ घावलं! चार हाईत. पुढची दोन अंगानं बारीक, मागली दोन थोराड. चारी एकाच घरातली. जन्म यंदाचाच! उद्या सायबांना घिऊन या, बघून घ्या!"

ताईंचा कप तोंडाशीच राहिला. आमच्या घरात लग्नाचं कुणीच नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक. पुढे आठवडाभर त्या ह्यांच्याकडे फार संशयानं बघत होत्या.

टायर बसवले त्या दिवशी चाचा ह्यांना म्हणाले, "नवा जावई हाय, पयले चार दिस दमानं घ्या." मग माझ्यासाठी दार उघडून धरलं. "बसा की वैनी. मी हात फिरवलाय."

मी बसले. आजऱ्याच्या वाटेवर पाऊस होताच. ते वळण आलं तशी मी सीटची कड घट्ट धरली. गाडी वळली, नुसती वळली, बाकी काही नाही. पुढच्या गावात थांबून आम्ही भजी खाल्ली आणि मला मेलीला तिथं रडू आलं. येताना चाचांसाठी घनसाळ तांदूळ आणला. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि आधी टायरांवरून हात फिरवला.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. दुकान बंदच आहे. तिथून जाताना हे अजूनही गाडी हळू करतात.

परवा ते टायर संपले. संपणारच, त्यांच्यावर आम्ही आजरा, शाहूवाडी, कुठं कुठं हिंडलो. हायवेवरच्या नव्या, काचेच्या दुकानात गेलो. तिथला माणूस ह्यांना स्क्रीनवर टायर दाखवत होता आणि हे परत शर्यतीचेच बघत होते. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी खाली बसले, डोळे मिटले आणि समोरच्या टायरवरून तळहात फिरवला.

"मॅडम, तो नका बघू, सर म्हणतात तो..."

"हात फिरवू दे आधी," मी म्हणाले. "आणि जन्मतारीख दाखवा."

तो जरा गोंधळला. "मॅडम, गाडी तुम्ही चालवता?"

"नाही," मी म्हणाले. "मी शेजारी बसते."