काकूंच्या नावाची चौकशी

कुणी गळ्याची शपथ घेतली तरी चौकशीकाका एकच म्हणत, "थांब, विचारून घेऊ." बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे स्थळ आलं, की चौकशीला त्यांनाच धाडायचे. पाहुण्यांनी सुचवलेल्या ओळखीच्यांना ते विचारतच नसत. गाठायचे ते वॉचमनला, वाण्याला आणि त्या घराशी भांडण असलेल्या शेजाऱ्याला. "गोड बोलणारे धा मिळतत गो. दुखावलेलो एक शोधूचो. खरां तोच सांगता."

काकू मालवणी जेवणाच्या कृती लिहायच्या. त्यांच्या नावाची वेबसाइट मीच बनवून दिली होती. काकू गेल्या. वेबसाइटचं नाव दरवर्षी पैसे भरून पुन्हा घ्यावं लागतं. त्याच्या आठवणीचे मेल त्यांच्याच खात्यात येऊन पडले. उघडणार कोण? मी लक्ष ठेवायला हवं होतं, नाही ठेवलं. नाव सुटलं, कुणीतरी उचललं आणि अशी नावं विकणाऱ्या एका ऑनलाइन बाजारात मांडलं. काकांना मी मोबाइलवर दाखवलं. बायकोचं नाव आणि खाली 'विक्रीसाठी'.

"काका, घेऊन टाकू या."

"थांब, विचारून घेऊ."

झालं! पंधरा दिवस त्या बाजाराची स्थळासारखी चौकशी. बाजार किती जुना? पत्ता खरा का? नाव आपल्या हाती येईपर्यंत पैसे मधे थांबतात, की थेट विकणाऱ्याच्या खिशात? पैसे मधे थांबत होते. फोन एक बाई उचलत होत्या. काकांनी त्यांना तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तर काकूंच्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीबद्दल बोलत होते. घरात दुसरं होतं कोण बोलायला?

"आता तरी घ्यायचं?" मी विचारलं.

"दुखावलेलो खंय आसा?"

तोही सापडला. पैसे गेले, नाव आलं नाही, असं एकाने नेटवर लिहिलं होतं. पैसे परत केल्याचं बाजाराचं उत्तर खाली होतं, पण त्या माणसाने पुढे काही लिहिलं नव्हतं. काकांना तेवढं पुरलं. "नको." मी भांड भांड भांडले. "अहो, बाकी सगळे चांगलं म्हणतायत ना! दुसरा कुणी नेईल, मग बसा!" काका ढिम्म.

महिन्याभरात नेलं. काकूंच्याच नावाच्या, मसाले विकणाऱ्या एका बाईने घेतलं. मी तिला मेल केला. दोन दिवसांत नाव मिळालं, काही त्रास झाला नाही, असं तिने कळवलं. काकांना सांगणार नव्हते, पण त्यांनीच खोदून विचारलं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग खाली बघत म्हणाले, "तुझां ता मुलुंडचां स्थळ मीच मोडलंय. एका शेजाऱ्याच्या बोलण्यावरून. माझां चुकलां काय गो?"

वीस वर्षांत हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. त्यानंतर माझं लग्न जमलंच नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. मुलुंडचा तो मुलगा सोन्यासारखा निघाला, हे मला कधीचंच ठाऊक होतं. राग होता, खूप होता. 'हो' अगदी ओठावर आलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं."

त्यांनी मान डोलावली. पुढे एक शब्द विचारला नाही. वर्षभरात तेही गेले. मी खोटं बोलले याचं मला काही वाटत नाही. त्यांनी ते लगेच मानलं, त्याचं मात्र अजूनही वाईट वाटतं.