सांधेवाले सर

सर कुणाच्याही घरात शिरले की माणसांच्या आधी भिंतींची विचारपूस करत. आमच्या मळ्यातल्या वस्तीवर ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी आणि सर सोप्याच्या मागच्या भिंतीला गाल टेकून, एक डोळा मिटून काहीतरी न्याहाळताहेत. "ताई, ही भिंत बरीच वर्षं पावसात भिजलेली आहे," म्हणाले. भिंत घराच्या मधोमध, तिच्यावर पाऊस कुठून पडणार? मला वाटलं, वयामुळे असेल.

सांगलीतल्या एका शाळेतून ते चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. जुन्या शेतघरांचे नकाशे काढायचे, कोणता भाग आधी उठला, कोणता मागाहून, ते शोधायचं, हा त्यांचा नंतरचा उद्योग. रविवारी सकाळच्या एसटीनं औंधच्या अलीकडे आमच्या फाट्यावर उतरत आणि बांधावरून चालत येत. दोन भिंती जिथं भेटतात, त्या सांध्यावर त्यांचा सगळा जीव. म्हणून वस्तीवर ते 'सांधेवाले सर' झाले. ते नाव ऐकून गावातल्या दोन म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या होत्या. सरांनी त्यांना हसून परत पाठवलं नाही. गुडघे बघितले, तेल चोळा म्हणाले, आणि त्यांच्या घरांची जोती किती उंच आहेत ते विचारून घेतलं.

त्यांना बोलावलं होतं माझ्या सासऱ्यांनी. आबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. वस्तीवर शहरातले पाहुणे उतरवायचे, हुरडा, बैलगाडी, चुलीवरचं जेवण असा बेत ठरला होता. "सर, लोकं लांबनं येणार," आबा म्हणाले. "वस्ती किती जुनी, आमच्या कुठल्या पूर्वजानं बांधली, समदं दारातल्या पाटीवर पायजे."

मोजमापाला दुसरा माणूस लागतो. सरांनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं. मी साताऱ्याची, पदवीपर्यंत शिकलेली. पण लग्न होऊन वस्तीवर आल्यापासून भाजीत मीठ किती यापलीकडे मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. सर प्रत्येक भिंतीपाशी थांबून विचारायचे, "तुम्हाला काय दिसतं, ताई?" आणि मी उत्तर देईपर्यंत खरंच थांबायचे. ते म्हणत, "ज्या भिंतीचे दगड शेजारच्या भिंतीत गुंतलेले नाहीत, ती नंतर येऊन टेकलेली. नुसतं टेकणं आणि गुंतणं यातला फरक ओळखायचा." चौथ्या रविवारपर्यंत मला तो ओळखता यायला लागला. स्लॅबच्या दोन खोल्या आबांनी बांधलेल्या, हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याआधी गुऱ्हाळाची कौलारू पडवी, त्याआधी गोठा, त्याआधी सोपा. पण सोपाही पहिला नव्हता.

सोप्याच्या मागं एक बुटकी, काळ्या दगडाची खोली होती. तिथं हिराबाई राहायची. तिचा नवरा आमच्याकडे सालगडी होता. तो गेल्यावर ती गोठ्याचं बघायची. त्या खोलीची भिंत सलग, चारी कोपरे एकमेकांत गुंतलेले. सोपा तिला नुसता येऊन टेकलेला. आबांची पदकं ज्या कोनाड्यात मांडली होती, तो कोनाडासुद्धा मुळात त्या खोलीची खिडकी होती, मागून बुजवलेली. ते मीच शोधलं. सर इतके खूश झाले, की आपल्या डब्यातला लाडू त्यांनी मला दिला.

सरांनी हिराबाईला विचारलं, "तुम्ही इथं कधीपासून?"

"माझ्या सासऱ्याचा बा ह्याच खोलीत जलमला," ती म्हणाली. "तवा म्होरं नुसतं रान हुतं म्हनं. मंग मालक लोक आलं. त्यास्नी म्होरं बांधलं, आन् आमी मागं झालो."

सरांनी ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतलं. मग मला म्हणाले, "घर कुणाचं ते भिंत सांगत नाही. आधी कोण उभं होतं, एवढंच सांगते."

नकाशा पुरा झाला तेव्हा सगळं घर सोप्यात जमलं. सरांनी प्रत्येक भागाला वेगळा रंग आणि आकडा दिला होता. हिराबाईच्या खोलीवर एक, सोप्यावर दोन. आबांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ती खोली पाडून तिथं पाहुण्यांसाठी न्हाणीघरं काढायची, हे त्यांचं आधीच ठरलेलं.

"आवं सर, आकडं जरा हिकडचं तिकडं करा की. एक म्होरं घ्या. कागदच तर हाय."

"कागद फिरवता येईल, आबा. भिंत कशी फिरवू?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, मापं तूच धरली हुतीस न्हवं? तुला काय दिसलं, सांग."

सरही माझ्याकडे बघायला लागले. चेहऱ्यावर अजिबात काळजी नव्हती. वर्गातली हुशार मुलगी उभी राहिली, आता ही बरोबर सांगणार, अशी खात्री होती. दारात हिराबाई उभी होती. माझा नवरा जमिनीकडे बघत होता.

"मला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणाले.

सरांनी नकाशाची गुंडाळी केली. जाताना मला एवढंच म्हणाले, "येतो, ताई." पुन्हा आले नाहीत. दिवाळीनंतर जेसीबी आला. ते गुंतलेले कोपरे सहज निघाले नाहीत, दीड दिवस लागला. हिराबाई लेकीकडे विट्याला गेली. निघताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पाहिलं असतं तर मी कुठं बघणार होते?

सर गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगलीला जाऊन आले. त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि आमच्या वस्तीचे नकाशे पुढ्यात ठेवले. खाली कोपऱ्यात, त्यांच्या वळणदार अक्षरात, 'मोजणी' असं लिहून दोन नावं होती. त्यांचं आणि माझं. तारीख त्या सोप्यातल्या बैठकीनंतरची. "तुमची नजर फार चांगली आहे, असं म्हणायचे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा, तुमचंच काम आहे." मी म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडेच." एवढी मोठी गुंडाळी एसटीत कशी न्यायची, असं काहीतरी कारणही सांगितलं.

आता शनिवार-रविवार वस्ती पाहुण्यांनी भरलेली असते. आबांना जिना-पायऱ्या जमत नाहीत, म्हणून घर दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे. पाहुणे मोबाईल वर धरतात आणि मी सांगते, हा सोपा सगळ्यांत जुना, आमच्या पूर्वजांनी मोकळ्या रानात पहिल्यांदा हाच बांधला, याच्याआधी इथं काहीही नव्हतं. सगळे म्हणतात, ताई, तुम्ही किती छान सांगता.