तळीचा पाचवा माणूस

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला तेव्हा माझे मालक समुद्रात बेपत्ता होते. मी फळीवरच्या देवापुढं बसले, हात जोडले, पण काही मागितलं नाही. आमचा खंडोबा तिकडं नळदुर्गाला, माळरानाचा देव, घोड्यावर बसणारा. त्याला खाऱ्या पाण्यातलं काय कळतंय, असं मनात आलं बघा. धावा तरी कुणाचा करायचा?

आम्ही मुरूमचे. मालक विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे, हाताला मोठं यश होतं. निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, आणि तिकडं कोकणात मच्छीमारांच्या होड्यांना नवी इंजिनं बसायला लागली. चालवायला माणूस पाहिजे म्हणून बोलावणं आलं, अन् आम्ही दोघं मालवणाकडच्या एका वाडीत जाऊन राहिलो. मुरूमला मार्गशीर्षात शेकोटीजवळून उठू वाटत नाही, आणि इथं पाण्यात पाय घातला तर पाणी कोमट! थंडीतच त्यांची खरी मासेमारी. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला की त्याच्या जोरावर होड्या सुरमईसाठी खोल पाण्यात जायच्या. काळे ठिपके दिसेनासे होईपर्यंत मी वाळूत उभी राहायची, अन् मग दिवसभर बोलायला कोणी नाही. त्यांची बोली मला कळेना, माझी त्यांना. मी हसले की त्या बायका हसायच्या, एवढाच आमचा शेजार. कधी कधी तर मी चुलीशी बोलायची.

मालकांचा इंजिनावर फार जीव. त्यांनीच तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सांगितलं होतं, "इंजिन आहे की! डोलकाठी अन् शीड कशाला उगं जागा अडवायला? तेवढी मासळी जास्त मावंल." तांडेलानं ऐकलं. काठी-शीड किनाऱ्यावर ठेवून मालकांसकट पाचजण गेले, आणि बाकीच्या होड्या परत आल्या तरी त्यांची होडी तेवढी आली नाही. वाडीतले लोक दोन दिवस उत्तरेकडं शोधून रिकामे परतले, कारण नेहमीची मासळीची जागा तिकडंच.

तांडेलाची बायको जानकी माझ्या दारात आली. तिचं बोलणं त्या दिवशी मात्र मला अक्षर न् अक्षर कळलं. "शीड काडूक कोणी सांगल्यान? तुझ्या घोवानंच ना? आता इंजिनाक सांग, माझ्या माणसाक घेऊन ये म्हणान!" खरंच होतं. पाच घरांचे जीव माझ्या माणसाच्या शब्दावर गेले होते.

उपास तर चालूच होता. देवावर मन नव्हतं, पण षष्ठीची तळी चुकवायची हिंमतही नव्हती. तबकात पानं, सुपारी, खोबरं आणि नळदुर्गाहून आणलेला भंडारा मांडला. पण तळी काही बाईमाणसानं एकटीनं उचलायची नसते. आमच्याकडं पाच पुरुष तबकाला हात लावून उचलतात, तेव्हा ती देवाला पोचते. आता मी कुणाला म्हणू? ज्या वाडीत तोंड लपवत होते, तिथंच तबक घेऊन दारोदार गेले.

जानकीचा म्हातारा सासरा पहिला उठला. त्यानं शोधून दमून आलेल्या दोघांना हाक मारली, दुकानदाराला ओढून आणलं. चौघं झाले, पाचवा कुणी तयार होईना. म्हातारा म्हणाला, "चार पुरे गो बाय. देव काय मोजूक बसलाहा?" मी नाही म्हणून मान हलवली. चौघांना तिथंच बसवलं आणि खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याची विहीर होती तिकडं पळाले. तिथं माल वाहणाऱ्या मचव्याचे परमुलखातले खलाशी पाणी भरत होते. त्यातल्या एका दाढीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ बहन?"

काय सांगू, किती दिवसांनी कुणाचं बोलणं मला सरळ कळलं! मुरूमला आमच्या शेजारी मुसलमानांचीच घरं, त्यांची बोली मला पोटातून यायची. म्हटलं, "भय्या, जरा चलते क्या? हमारे देव की थाली उठाने कू पाँच मरद होना, चारच हैं."

"मैं मुसलमान हूँ, चलेगा?"

"चलता की! हमारे उधर के मुसलमान उसकू मल्लूखान बोलते."

तो हसला, घागर ठेवून आला. पाचांनी तबक उचललं. "सदानंदाचा येळकोट" मी म्हणायची, मागून ते म्हणायचे, मालवणी येळकोट अन् परमुलखातला येळकोट. भंडारा कपाळाला लावताना त्यानं विचारलं, "मन्नत किस बात की?" मी सांगितलं, बिनकाठीची होडी, पाच माणसं.

त्याचा हात तसाच थांबला. "बिना डोल की? वो तो हमने कल देखी! दक्खिन की तरफ. लोग गमछा हिला रहे थे. हम समझे मच्छी बेच रहे हैं, हमने भी हाथ हिला दिया."

जानकीचा सासरा मधेच ओरडला, अन् मला काही कळायच्या आत लोक होड्या पाण्यात लोटायला लागले. इंजिन बंद पडून दक्षिणेकडं वाहवत गेलेल्या त्या होडीला दुसऱ्या दिवशी दुपारी दोर बांधून ओढत आणलं. पाचहीजण जिवंत. मालकांचे ओठ फुटलेले, तांडेलानं त्यांना खांद्याला धरून उतरवलं. पुढच्या खेपेला शीड मालकांनी स्वतः वाहून होडीत ठेवलं. जानकी शिडाकडं बोट करून त्यांना म्हणाली, "इंजिनाची पूजा कर हां, पण ह्याक इसरू नको." आणि सगळे हसले, मीसुद्धा, पदरात तोंड घालून रडत.

आता माझं वय झालंय. लोक विचारतात, आजी, देव भेटला का हो कधी? मी काय सांगू? मचवा आधीच त्या बंदराला लागला होता, मी विहिरीवर गेले नसते तर पाणी भरून निघूनही गेला असता. माझ्या मनात तर भक्तीही नव्हती उरली. नुसती रीत उरली होती हाताला, ती देवानं धरली आणि मला लोकांच्या दारात नेलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं असं मला वाटायचं. त्याच्या उपकाराचं ओझं फेडायला मी कोण? मी काही मागितलंसुद्धा नव्हतं त्याला. मी फक्त पाचवा माणूस शोधायला गेले होते.