हात दाखवला की थांबते

माझी नोकरी सांगितली की लोक हसायचे. तळोज्याच्या एका बंद ट्रॅकवर मी ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांची परीक्षा घेतो. समोर रबरी बाहुला आडवा येतो, गाडी थांबली तर पास. सगळ्या चाचण्या पास झाल्या की मग कुठे रस्त्यावर सोडायचा विचार. तोवर गाडीने कुंपणाबाहेर चाकही काढायचं नाही.

चाचण्यांची यादी परदेशातून आलेली. तिच्यातला माणूस आधी गाडीकडे बघतो, मग पट्ट्यांवरून रस्ता ओलांडतो. असा सज्जन आमच्या घणसोली गावात दाखवा, मी नोकरी सोडतो. माझी आई मोठा रस्ता ओलांडायची ती उजवा पंजा ताठ पुढे करून, मान भलतीकडे वळवून. सगळं गावच असं ओलांडतं. मी ओरडलो की म्हणायची, "डायवरकरं बगलं का त्याला समजतं, हिनं मना बगलंय, ही थांबंल. मंग तो कशाला थांबतोय?" पण पंजा दाखवून झाला की पळायची. साठी उलटली तरी पळायची.

साहेबांशी भांडून मी ही चाचणी यादीत घातली. एका बाहुल्याला वर होणारा हात बसवला, मान वळवली आणि गंमत म्हणून आईची जुनी साडी नेसवली. कितीतरी दिवस गाडी तिला धडकतच राहिली. ज्या दिवशी थांबली, त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो आणि आईला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

"ही माजीच साडी ना?" आई खूश झाली. "हात दाखवला का थांबते?"

"थांबते."

"वलखायची कशी?"

"पांढरी असते. टपावर डबा असतो, त्यातून ती बघते."

एवढंच बोललो. ती अजून रस्त्यावर आलेलीच नाही, हे सांगायचं राहिलं. माझ्यासाठी ते इतकं रोजचं होतं की सांगावंसं वाटलंच नाही.

दीड महिन्याने, भर दुपारी, बाजारातून परतताना आई गेली. पांढरी टॅक्सी होती, टपावरच्या कॅरिअरवर कुणाची तरी पेटी. ड्रायव्हर पोलीस चौकीत रडत होता. "साहेब, त्यांनी लांबून गाडीच्या टपाकडे बघितलं, हसल्या, मग हात केला. मला वाटलं पळतील. सगळेच पळतात ना! त्या आरामात चालत राहिल्या."

शेजारच्या काकूंनी सांगितलं, हल्ली आई पळायचीच नाही. "माज्या पोराची गाडी हाय, थांबंल," म्हणायची. कुणी कितीही समजूत घालो, तिला मीच मारलं असं मला वाटतं.

तेराव्यानंतर कामावर गेलो. हाताच्या चाचणीची शेवटची फेरी बाकी होती. बाहुली तीच साडी नेसून उभी होती, ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिने पंजा वर केला आणि मान वळवून सावकाश निघाली. गाडी चांगली चार हात अलीकडे थांबली.

मी कागदावर 'पास' लिहिलं, सही केली. मग ट्रॅकवर जाऊन तिचा वर राहिलेला हात खाली केला.