साहेबाने लावलेलं गंध

गिंडीच्या कारखान्यात आमचा मुलगा विमानाची इंजिनं बनवतो, असं माझ्या आईने कोल्हापुरात गल्लीभर सांगून ठेवलं होतं. इंजिनं बनत जर्मनीत. आम्ही त्या जर्मन कंपनीची मद्रासमधली उपकंपनी, आणि आमच्याकडे बनायचा इंजिनातला फक्त व्हॉल्व्ह. वीतभर लांबीचा पोलादी दांडा आणि टोकाला चपटी टोपी, झालं. पण मीनंबाक्कमहून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं की आमचे लोक हातातलं काम थांबवून बघत राहायचे. त्यात आमचा एकही व्हॉल्व्ह नसायचा. मीही बघायचो.

मी गेज रूममध्ये होतो. मापाची सगळी हत्यारं त्या खोलीत असायची आणि प्रत्येक दांडा तिथून मोजूनच पुढे जायचा. खोलीचे प्रमुख काका. नात्याने माझे कोणी नव्हेत. तंजावरच्या मराठी घराण्यातले; कैक पिढ्यांत कोणी महाराष्ट्र पाहिला नव्हता. मराठी बोलणारा पोरगा सापडला म्हणून त्यांनी मला परस्पर पुतण्या करून टाकलं. त्यांचं मराठी जुनं, चाल तमिळ. "मज ठाऊक आहे" म्हणायचे, आणि मापाच्या बाबतीत त्यांना खरंच सगळं ठाऊक होतं. दांडा नुसता बोटांत फिरवून जाड की बारीक सांगायचे. दुसऱ्या कशात त्यांना गोडी नव्हती. मी प्रोबेशनवर होतो आणि मला गोडी होती ती प्रोबेशन संपण्यात.

त्या वर्षी नवा जर्मन साहेब आला होता. मद्रासला आयुधपूजा नवमीला. हत्यारं देवीपुढे मांडायची, चंदन-कुंकू लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही. काकांनी पहिलं गंध लावायचा मान साहेबाला दिला. माणूस हौशी. बूट काढले, मोजेही काढले. आम्ही गंध लावतो ते मुठीला, दांडीला. साहेबाने जरा विचार केला, मायक्रोमीटर उचलला, आणि ज्या दोन तोंडांत दांडा धरून मोजतात, नेमकं त्यातल्या एका तोंडावर बोट टेकवलं. काम जिथे होतं तिथेच पूजा व्हायला हवी, असं त्याचं म्हणणं. यात खोट काढणार कशी? मी काकांकडे बघितलं. काकांनी हात जोडले होते.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. काकांनी सगळी हत्यारं स्पिरिटने स्वच्छ पुसली, साहेबाचा मायक्रोमीटर मात्र कोरड्या फडक्याने. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाहुण्याने भक्तीने लावलेलं गंध रे ते. त्यास स्पिरिट कसं लावायचं?" गंध दिसेनासं झालं, पण पातळ पापुद्रा राहिला; तेवढ्याने प्रत्येक दांडा असतो त्याहून जाड भरणार. तो पकडायचा उपाय अगदी सोपा. रोज सकाळी मायक्रोमीटर मिटायचा आणि माप शून्य दाखवतंय का बघायचं. हे काम माझं. त्या दिवशी मी दोन वाट्या पायसम आणि वर ओंजळभर हरभऱ्यांचं सुंडल चापून बसलो होतो. न बघताच रजिस्टरात 'शून्य ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. दिवसभर त्याच मायक्रोमीटरने दांडे मोजले, जाड भरले म्हणून घासायला परत पाठवले, आणि मापात बसल्यावर पास केले.

दुसऱ्या दिवशी शून्य बघितलं तर माप दोन शतांश मिलिमीटर पुढे. मी तोंड स्पिरिटने पुसलं, शून्य जागेवर आलं. आदल्या दिवशीची खेप खोक्यांत बंद होऊन बंदरावर गेली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. जर्मनीत पुन्हा मोजतातच की, असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प राहिलो.

जर्मनीत पुन्हा मोजलं. दोन महिन्यांनी पत्र आलं: अख्खी खेप बारीक, भंगारात काढली. साहेबाने अशी कसून चौकशी केली की काही विचारू नका. यंत्रं तपासली, तेल तपासलं, मद्रासची दमट हवासुद्धा तपासली. शेवटी खेपेची तारीख बघून तो गेज रूमपाशी पोचला. आपलं गंध काही त्याला आठवलं नाही. त्याने काकांच्या हातात एक छापील फॉर्म दिला. 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना, जागा एकाच नावाची. ज्याचं नाव तिथे येईल त्याने या कंपनीत पुन्हा मापाच्या हत्याराला हात लावायचा नाही. विमानाचा मामला, त्याचंही चूक नव्हतं. माझं नाव आलं असतं तर मी सरळ कोल्हापूरला परत.

"काका, गंध साहेबाने लावलं. तसंच लिहा," मी म्हटलं.

"पूजेस बोलावलेला पाहुणा. त्याचा हात चुकला म्हणून कागदावर चढवायचं? छे छे."

मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि दसऱ्याच्या पानावर, माझ्या सहीवर बोट ठेवलं. "शून्य पाहिलं होतंस?"

"नाही."

"कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. काकांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "फडकं माझ्या हाती होतं," आणि रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.

काकांना पॅकिंगमध्ये टाकलं. ते खोक्यांना खिळे ठोकू लागले. महिन्याभरात मी कायम झालो आणि गेज रूम माझ्याकडे आली. आईने गल्लीत पेढे वाटले.

मला झोप लागेना. एका दुपारी पॅकिंगमध्ये गेलो आणि म्हटलं, "काका, मी साहेबाला खरं सांगून टाकतो." ते नको म्हणतील याची मला खात्री होती. लाज वाटते लिहायला, पण त्या खात्रीवरच मी गेलो होतो.

काकांनी हातोडी खाली ठेवली. "सांग की," ते म्हणाले. "मज त्या खोलीत परत यायचं आहे रे."

मी हो म्हटलं. त्यानंतर साहेब दीड वर्ष मद्रासला होता. त्याचं दार माझ्या खोलीपासून वीस पावलांवर. मी गेलो नाही.