मला मातीचा पेला

सरांचा दिवाणखाना माणसांनी भरलेला. सगळ्यांना सोनेरी काठाचे चिनी मातीचे कप. ट्रेच्या कोपऱ्यात एक मातीचा पेला, कोलकात्यात रस्त्यावर चहा मिळतो तसला. प्यायचा आणि फेकून द्यायचा, धुवायची भानगड नाही. तो माझा.

सर मंत्री होणार हे त्या सकाळी पक्कं झालं होतं. संदेशची मिठाई वाटली जात होती. मी सरांची भाषणं लिहायचे.

सरांचा हावड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा घरचा कारखाना. परदेशात अर्थशास्त्र शिकून आले, कारखाना वाढवला, कॉलेजात शिकवलं, मग राजकारणात उतरले. पहिल्याच निवडणुकीत आपटले. नुसते आकडे बोलायचे, लोक जांभया द्यायचे. त्यानंतर त्यांनी मला घेतलं. मी अर्थशास्त्रात एम.ए., वाढलेली कोलकात्यातल्या बेहाला भागात. बाबा बँकेत, बदलीवर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर बांगला.

पहिल्या दिवशी मलाही कपच मिळाला होता. चहा पिता पिता मी सरांना बाबांची गोष्ट सांगितली. गावच्या शाळेत बाबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, माठाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्ही कोण, कुठल्या जातीचे, सगळं सांगून टाकलं. लपवायचं काय त्यात? बाबा म्हणतात, "माणसाला पगाराच्या आधी मान लागतो," तेही सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, खरंच भरून आले. म्हणाले, "हेच मला बोलायचंय."

दुसऱ्या दिवसापासून पेला.

आणि मी काय समजले? लाड. पोरीला रस्त्यावरचा चहा आवडतो म्हणून खास मागवतात, असं वाटलं. घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाकीचे कशात पितात गं?" मी विषय बदलला. मूर्ख कुठली.

बाबांच्या त्या वाक्यावर सरांनी पुढची निवडणूक मारली. चौकाचौकात टाळ्या. मी स्टेजमागे उभी राहून रडायचे, आनंदानं. बाबा टीव्हीवर ऐकायचे आणि शेजाऱ्यांना बोलावून आणायचे.

त्या सकाळी ट्रे समोर आला. परवा कामाला लागलेल्या मुलानंही कप उचलला. मला आईचा प्रश्न आठवला आणि अंगाची आग आग झाली. सरांना बाजूला घेतलं.

"या घरात माझी जात फक्त तुम्हाला माहीत होती. मासीमांना कोणी सांगितली?" मासीमा म्हणजे सरांची आई, स्वयंपाकघर त्यांच्या हातात.

ते गडबडले असते तरी मी कदाचित गिळलं असतं. नाही गडबडले. वर्गात समजावतात तसं शांतपणे म्हणाले, "आईला बदलायला किती त्रास, आणि त्यातून फायदा किती? एका पेल्यानं तुझं नुकसान काय झालं?"

नुकसान. माझ्या बापाचा अपमान बाजारात मांडून या माणसानं खुर्ची मिळवली, आणि मला नुकसान विचारतोय.

सरांसाठी ठेवलेला कप मी उचलला. सगळ्यांसमोर, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायले. रिकामा कप सरांपुढे धरला.

"हा धुणार की फोडणार? माझ्यासमोर करा."

"तमाशा करू नकोस," सर म्हणाले. हात पुढे केला नाही. मासीमांनी स्वयंपाकीणबाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. मी कप टीपॉयवर ठेवला आणि चपला घालून निघाले.

आता सर मंत्री आहेत. ते वाक्य अजून वापरतात. बाबा आता टीव्ही बंद करतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. एका शब्दानं मला काही विचारत नाहीत. ते मला सगळ्यात जास्त लागतं.

रविवारी सरांची बेहालात सभा आहे. मी पुढच्या रांगेत बसणार. तिथून उठवलं तर मागे उभी राहणार. बाबांचं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की बांगलात, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं विचारणार: तो कप धुतलात की फोडलात? बाहेर काढलं तर पुढच्या सभेला जाईन. उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक सभेत हेच विचारीन.