पिल्लाच्या हक्काची भाकर

कारंज्याच्या कापूसबाजारामागं एक पिंजारी राहायचा. मोठ्या भावाची नजर गेली, म्हणून त्याला वाट दाखवायला तो कुत्र्याचं एक पिल्लू शिकवत होता. गिऱ्हाइकांवर खेकसायचा, पिल्लू मात्र नालीपाशी थांबलं, की "शाब्बास, हुजूर!" म्हणत खिशातला भाकरीचा तुकडा द्यायचा.

मी पडलो शाळामास्तर. म्हटलं, "दोन छड्या द्या, लवकर शिकेल."

"मारलं तं थे माह्याकडं पाहीन, मास्तर. त्यानं रस्त्याकडं पाह्यलं पायजे."

एका बाजाराच्या दिवशी तो स्वतःच्याच डोळ्यांवर दुपट्टा बांधून निघाला. मी शाळेत निघालो होतो, सोबत चालू लागलो. पिल्लू नालीपाशी थांबलं. हा माझ्याशी बोलण्याच्या नादात पुढं गेला आणि थेट चिखलात बसला. बाजार खदखदून हसला, सगळ्यांत मोठ्यानं तोच.

"थे तं थांबलं होतं! चूक माही हाय."

खिशातली भाकर चिखलात गेली होती. दुपट्टा न काढताच त्यानं माझ्या आवाजाकडं हात पसरला.

"मास्तर, तुमच्या शिदोरीतली चतकोर द्या. त्याचा हक हाय."

मी छडी काखोटीला मारली आणि शिदोरी सोडली.